हजरजबाबी

९ फेब्रुवारी

आमच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "वहिनी, वीस वर्षं झाल्याच्या कार्यक्रमापर्यंत मनात येईल ते लिहून ठेवा, मला उपयोगी पडेल." मनात येईल ते! बाईंना काय ठाऊक काय काय येतं ते. पहिल्याच दिवशी असं काही घडलं की ही वही त्यांच्या हाती पडण्यापेक्षा चुलीत गेलेली बरी.

आज मी एका स्पर्धेत परीक्षक होते. स्पर्धा आमच्याच पद्धतीची. एकीनं ठेक्यावर दुसरीला टोचायचं, मग ठेका चार फेरे रिकामा फिरतो, आणि पाचव्या फेऱ्याला दुसरीनं उत्तर द्यायचं. आधी ठरवायचं नाही, लिहून आणायचं नाही, आणि कितीही वर्मी बोलायचं असलं तरी 'अहो तुम्ही' सोडायचं नाही. हे आम्ही सुरू केलं, मी आणि माझ्या नणंदेनं. जोडीचं नाव 'तोंडास तोंड'. घरात त्या वन्सं आणि मी वहिनी, बाहेरही तेच पडलं. लोक म्हणतात रॅपमध्ये आदरानं अपमान करायची रीत आमच्यामुळे आली. असेलही.

तर आज एका पोरीनं इतकं झकास उत्तर दिलं की सभागृह उठून उभं राहिलं. मला मात्र वास आला. मला येणारच. मी जाऊन तिचा हात धरला आणि उलटा केला. तळहातावर बारीक अक्षरात सगळं उत्तर लिहिलेलं! समोरची तिची मैत्रीणच होती, तिनं आपल्या ओळी आधीच सांगून ठेवलेल्या. मी माइक घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शिळं वाढून ताजं म्हणून सांगतेस? लाज नाही वाटत?" तो हात मी वर धरून लोकांना दाखवला. पोरगी रडली नाही. फक्त हळूच म्हणाली, "तुम्ही कधीच नाही लिहून आणलं, वहिनी?"

मी म्हणाले, "कधीच नाही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. घरी येईपर्यंत मी रिक्षात मान वर केली नाही.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते एकदा. मी वीस वर्षं वन्संची वही चोरून वाचत आले आहे.

तेव्हा आम्ही दोघी धुलाईच्या कारखान्यात होतो. हॉटेलं नि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे. आमचा पहिला ठेका म्हणजे तिथल्या पाय मोडलेल्या यंत्राचा आवाज, पिळताना ते धबाक-धक-धक करायचं. ह्यांनी तो फोनवर उतरवून आणला, खाली जाडसर घुमणारा एक सूर घातला, बस्स. अजूनही आमच्या ठेक्यात तेवढंच असतं. वन्संचं लग्न झालं नाही, घर एकच, आमचं दिवसभर वाजायचं. हे म्हणाले, तुमचं भांडण फुकट जातंय, ठेक्यावर भांडा. हे ध्वनियंत्रापाशी बसायचे. बहीण एकीकडे, बायको दुसरीकडे, मृदंगाला दोन्हीकडून मार.

नियम ह्यांनीच घातला, पहिल्या खेपेला होईल तेच ठेवायचं. वन्संनी सुरू केलं:

वहिनीच्या हाताला गुण आहे भारी,
इस्त्री फिरवली आणि चादर झाली जाळी!

आणि मी गप्प. तोंडाला कुलूप. स्वयंपाकघरात सरसर चालणारी माझी जीभ रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागल्यावर टाळूला चिकटली. तीनदा तेच झालं. मी रडले, म्हणाले मला नाही जमायचं, तुम्ही दुसरी कुणी बघा. हेही म्हणाले, जाऊ दे, सोडून देऊ.

त्याच आठवड्यात वन्संची वही इस्त्रीच्या टेबलावर उघडी दिसली. त्या आंघोळीला गेल्या होत्या. मी वाचली. ओळी त्याच, चादरीच्याच. दिवसभर मनात घोळवलं आणि दुसऱ्या दिवशी लाल दिव्यासमोर 'ऐनवेळी' सुचलं:

वन्सं, जाळीतून निदान वारा तरी येतो,
तुमच्या तोंडून येतो तो कुणाला सोसतो?

हे खुर्चीवरून पडायचे राहिले. ते गाणं अजून लोकांना पाठ आहे. आणि त्यानंतर प्रत्येक गाणं, प्रत्येक कार्यक्रमातला नवा सामना, सगळं तसंच. वन्सं लिहायच्या, आंघोळीला जायच्या, मी वाचायची. वन्सं भोळ्या आहेत म्हणून निभावलं. एरवी स्वतःचा कंगवासुद्धा कपाटात कुलपात ठेवतील, पण वही मात्र विसरतात. अक्षर मुंगीसारखं, पण गाण्याच्या वहीत ठळक काढतात, दोन हात लांबून वाचता येईल असं. बहुतेक मंचावर दिसावं म्हणून. आंघोळीला अर्धा तास लावतात आणि बाहेर येताना दारातूनच खाकरतात. नशीब माझं, दुसरं काय.

पण मी हजरजबाबी ठरले आणि त्या हरलेल्या. वीस वर्षं लोक त्यांना हसले. रस्त्यात पोरं ओरडतात, "वन्सं, आज पण हरलात का?" वन्सं हात हलवतात. मी शेजारून चालत असते.

१७ फेब्रुवारी

पुस्तकवाल्या बाई आल्या होत्या. चहा घेता घेता विचारलं, "वहिनी, इतक्या चटकन सुचतं तरी कसं?" माझं ठरलेलं उत्तर तयार असतं. "तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चुर्र होतं. तवा काय विचार करून करतो?" बाईंनी ते लिहून घेतलं. मागे वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "आणि तुम्हाला हरताना वाईट नाही वाटत?" वन्संनी उत्तरच दिलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, तरी नाही. बाई ओशाळल्या. मग वन्सं वळल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी पडली का चहात?"

हल्ली हे वाढलंय त्यांचं. पाठमोऱ्या असल्या की हाक मारा नाहीतर डोकं फोडा, ओ देत नाहीत. टीव्ही इतका मोठा की शेजारी भिंत ठोकतात. बोलायला लागलं की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. परवा मी आरशात जाऊन पाहिलं, दातात काही अडकलंय का. हे म्हणतात, वय होतंय तिचं, दुर्लक्ष कर. मला वाटतं माझ्यावर राग आहे. असावाच. माझं मन मला खातंय आणि त्यांना ते दिसत असेल.

२२ फेब्रुवारी

ठरलं. यावेळी वही वाचायची नाही.

कार्यक्रम सात मार्चला. जुनी गाणी होतील आणि शेवटी एक नवा सामना. दोन वर्षांनी आम्ही मंचावर जातोय. तोंडाला कुलूप लागलं तर लागलं. लोक हसतील, हसू देत, एकदा मलाही हसू देत. त्या पोरीचा हात मी वर धरला होता, तो डोळ्यांसमोरून जात नाही. बायकोचं तोंड बंद झालं तर कार्यक्रम कसा होईल, असं ह्यांना गमतीत विचारलं. हे म्हणाले, "कार्यक्रमाचं माहीत नाही, घरात जरा शांतता होईल."

कुणाला सांगितलं नाही मी. वन्संना तर नाहीच. काय सांगणार? वीस वर्षं चोरी केली, आता सोडतेय, शाबासकी द्या?

२८ फेब्रुवारी

वही टेबलावर आहे. मी नजर वळवून गेले. इस्त्री करायची राहिलेली, तीही केली नाही. ह्यांचा शर्ट चुरगळलेलाच गेला.

२ मार्च

वन्सं आज दोनदा आंघोळीला गेल्या. वही टेबलावरून उचलून माझ्या उशीशेजारच्या खिडकीत आली. मी ती न उघडता परत टेबलावर नेऊन ठेवली. देव परीक्षा बघतो म्हणतात, माझी तर वहीच बघतेय.

आज खूप वर्षांनी स्वतःबद्दल बरं वाटलं.

४ मार्च

नाट्यगृहात तालीम. नवीन तंत्रज्ञ आलाय, भारी हुशार, बोलताना कुणाकडे बघत नाही. मंचावर आमच्या पुढ्यात जमिनीवर ठेवायचे ते दांडगे स्पीकर त्यानं काढून टाकले. म्हणे जुनाट दिसतात. त्याऐवजी कानात घालायची बोंडाएवढी यंत्रं दिली, ठेका थेट कानात येतो. मला मजा वाटली. वन्सं मात्र अडून बसल्या, "स्पीकर हवेत. जमिनीवरचे हवेत." तंत्रज्ञ म्हणाला, कानातलं जास्त स्वच्छ ऐकू येतं, बाई. वन्सं म्हणाल्या, "मला स्वच्छ नकोय, मला तेच हवेत." पण काही चाललं नाही. जुनी गाणी आम्ही झोपेतही म्हणू, ती झाली व्यवस्थित. नव्या सामन्याची तालीम आम्ही कधी करतच नाही.

परत येताना मला जरा हसूच आलं. म्हातारपणी माणूस स्पीकरसाठी रुसतो.

६ मार्च

उद्या कार्यक्रम. संध्याकाळी वन्सं माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कधी येत नाहीत.

"वहिनी, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे की."

"वाचलंस ना ते..." थांबल्या. "कार्यक्रमाचं पत्रक?"

"वाचलं," मी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझा हात धरून दाबला आणि गेल्या. पत्रकाचं एवढं काय कौतुक! पण माझ्या मनात आलं, वन्सं, उद्या तुम्ही जिंकणार आहात आणि तुम्हाला माहीतही नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

८ मार्च, सकाळी

काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं बोलले मी.

जुनी गाणी छान झाली. मग सामना. ठेका सुरू झाला, चौथ्या फेऱ्यानंतर वन्संनी उचलायचं. त्या उचलेनातच. चालत माझ्यापाशी आल्या आणि खांदा माझ्याकडे करून उभ्या राहिल्या. मला वाटलं मला बिचकवायला बघतायत, मी सरकले. त्या आणखी जवळ आल्या, मी आणखी सरकले. लोकांना गंमत वाटायला लागली. मग त्यांनी सुरू केलं ते भलतीकडूनच, ठेका एकीकडे आणि शब्द तिसरीकडे, काय म्हणतायत ते मला धड कळेना. थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. सभागृहात खसखस पिकली. हे यंत्रापाशी उभेच राहिले. वन्सं माझ्याकडे बघतायत, हात जरासा पुढे केलेला. माझं डोकं कोरं, पाटी पुसल्यासारखं. म्हटलं आता दोघी बुडालो.

आणि सुचलं! कुठून आलं देव जाणे:

वन्सं, ठेका निघून गेला, तुम्ही अजून दारात,
तोंड घेऊन आलात आणि कान ठेवलेत घरात?

अहो, छप्पर उडायचं राहिलं! माणसं खुर्च्यांवर उभी. दोन मिनिटं ठेका नुसता फिरत होता आणि लोक 'कान ठेवलेत घरात' म्हणत टाळ्या पिटत होते. वन्सं माझ्या तोंडाकडेच बघत होत्या, म्हणजे नीट ऐकलं त्यांनी. त्या हसल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या, लोकांचे हात बघून बघून.

नंतर ती तळहातवाली पोरगी पडद्यामागे आली. "वहिनी, हे लिहिलेलं नव्हतं ना?" म्हणाली. मी म्हणाले, "नव्हतं, शपथ." आणि शपथ खरी होती. मी तिची माफीही मागितली, सगळ्यांसमोर हात धरायला नको होता म्हणून. परतताना गाडीत हे आणि वन्सं दोघंही गप्प होते. थकले असतील.

हरायला गेले आणि जिंकून आले. पण स्वतःच्या बळावर. वन्सं पुन्हा हरल्या याचं वाईट वाटतं, पण निदान यावेळी चोरी नाही.

८ मार्च, दुपारी

वही अजून टेबलावरच होती. म्हटलं आता वाचायला काय हरकत आहे, कार्यक्रम तर झाला. बघू तरी काय टोचणार होत्या.

टोचणं नव्हतंच. ठळक अक्षरात पानभर लिहिलं होतं. जसंच्या तसं उतरवते, मला शिक्षा म्हणून.

"वहिनी, तू वाचतेस म्हणून इथे लिहितेय. तोंडानं सांगायची लाज वाटते. उजवा कान तीन वर्षांपूर्वी गेला, डावाही आता नावालाच आहे. डॉक्टर म्हणतात यंत्रांच्या आवाजानं. दादाला सांगितलंय, त्याला म्हटलं तुला मी सांगेन. मंचावर मला ठेका पायांतून कळायचा, जमिनीवरच्या स्पीकरमुळे. ऐकलंय ते काढणार आहेत. सामन्याच्या वेळी मी तुझ्याजवळ येईन. माझ्या खांद्यावर हात ठेव आणि बोटांनी ठेका दे. लोकांना भांडणाचाच भाग वाटेल. हे शेवटचं आपलं, यानंतर मी थांबणार. यावेळी टोचायला काही सुचलं नाही. तुझ्याबद्दल चार चांगल्या ओळी केल्यात, त्या ठेक्यात बसल्या पाहिजेत एवढीच इच्छा. उत्तराची तयारी करू नकोस, उत्तर नको आहे."

खाली त्या चार ओळी होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही. लिहायची लायकी नाही माझी.

मी खांदा टाळून सरकले. एकदा नाही, दोनदा. आणि मग सगळ्या लोकांसमोर काय म्हणाले? मेल्याहून मेल्यासारखं झालंय. फोन वाजतोय सारखा. लोक त्या दोन ओळी एकमेकांना पाठवतायत.

ह्यांना विचारलं, तुम्ही मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, "तिनं सांगितलं म्हणाली तुला. काल तू तसं बोललीस तेव्हा मला वाटलं, कळून बोललीस." एवढं बोलून ते खाली फिरायला गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

९ मार्च

वन्सं अजून कारखान्यात जातात. देखरेखीचं काम बघतात. मी सोडलं, त्यांनी कधी सोडलं नाही. मी आज तिथे गेले. बारा वर्षांनी आत पाऊल टाकलं. तोच वाफेचा वास, तीच धडधड, छातीत हलतं सगळं. आत कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलतात. मीही बोलायचे एके काळी. चार बायका मला बघून हसल्या, एकीनं ओठांनी म्हटलं, "कान कुठे ठेवलेत?" आणि दुसरीला टाळी दिली. त्यांना कुणाला ठाऊक नाही अजून.

वन्सं चादरींच्या गाड्यापाशी होत्या. मी समोर जाऊन ओरडले, "वन्सं!"

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसतं बोल. दिसतं मला."

"मी वही वाचली नाही, वन्सं."

"कळलं ते. मंचावरच कळलं."

"वीस वर्षं वाचली. प्रत्येक वेळी. आणि याच वेळी..."

"अगं, वाचायलाच तर ठेवत होते. पहिल्या दिवशी रडत होतीस ते बघवलं नाही मला. म्हटलं, ही गेली तर मी भांडू कुणाशी?" त्यांनी एक चादर उचलून माझ्या हातात दोन टोकं दिली. आम्ही तिची घडी घातली. "अर्धा तास आंघोळ म्हणजे काय गंमत आहे होय? थंडीत दात वाजायचे."

"लोक तुम्हाला हसायचे, वन्सं. मी हसू दिलं."

"हसायचे, हो. लागायचं कधी कधी. खोटं कशाला बोलू?" दुसरी चादर. "पण पूर्वी मला ठाऊक असायचं तू काय म्हणणार. म्हणजे साधारण. तेवढं सोसायची तयारी करून जायची मी. परवा नव्हती."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

"उत्तर मात्र झकास होतं गं," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते. वीस वर्षांत पहिल्यांदा तुझं स्वतःचं होतं."

यंत्र थांबलं, दुसरं सुरू झालं. मला बोलायचं होतं. मी काहीतरी बोलेन म्हणून वन्सं बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत उभ्या होत्या.